ब्रिटिशांच्या दैनंदिन चालीरीती

ग्रेट ब्रिटनमधील लोकांच्या रोजच्या वागण्यातील काही सवयी त्यांची राष्ट्रीय लक्षणे म्हणून जगभर ओळखल्या जातात. दूध घातलेला चहा दिवसातून अनेकदा पिणे, रांग लावून मुकाट्याने उभे राहणे, अनोळखी माणसाशी हवामानाविषयी बोलणे, ठरलेल्या वेळी पब (मद्यपानगृह) गाठणे आणि रविवार निवांत घालविणे या त्यांपैकी प्रमुख होत. या सवयींचे मूळ ब्रिटिशांच्या संयमी, मितभाषी व शिस्तप्रिय स्वभावात शोधण्याचा प्रघात जुना असून परदेशी प्रवाशांप्रमाणेच स्वतः इंग्रज लेखकांनीही त्याला हातभार लावला आहे. प्रत्यक्षात यांतील बहुतेक सवयी फारशा प्राचीन नाहीत. शेक्सपिअरने (१५६४–१६१६) चहाची चव कधी घेतली नव्हती आणि रांगेसाठी आज रूढ असलेला ‘क्यू’ हा शब्द त्या अर्थाने इंग्रजीत आला तो एकोणिसाव्या शतकात. प्रत्येक सवयीमागे एखादा कर, कायदा, कारखान्याचे वेळापत्रक वा युद्धकाळातील टंचाई उभी असल्याचे आढळते. काहींमागे तर इतरांचे सक्तीचे श्रमही आहेत.

चहापान : इंग्लंडमध्ये चहा आला तो कॉफीच्या पाठोपाठ. लंडनमधील पहिले कॉफीगृह १६५२ मध्ये निघाले आणि त्या दशकाच्या अखेरीस तेथेच चहाही मिळू लागला. सॅम्युएल पेप्स (१६३३–१७०३) याने २५ सप्टेंबर १६६० रोजी आपल्या रोजनिशीत, पूर्वी कधी न घेतलेले हे चिनी पेय आपण मागविल्याची नोंद केली आहे. दुसऱ्या चार्ल्सची राणी कॅथरिन ऑफ ब्रॅगांझा (१६३८–१७०५) ही पोर्तुगीज राजकन्या माहेरची चहाची सवय बरोबर घेऊन आली व तिच्यामुळे दरबारी स्त्रियांत या पेयाला प्रतिष्ठा लाभली, असे मानण्यात येते. याच विवाहाच्या १६६१ च्या करारान्वये पोर्तुगीजांनी मुंबई बेट इंग्लंडच्या राजास आंदण दिले व १६६८ मध्ये राजाने ते वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. इंग्लंडचा चहा आणि इंग्रजांची मुंबई यांचा उगम अशा रीतीने एकाच लग्नात सापडतो.

कॉफीगृहे ही पुरुषांची, बातम्यांची व सौद्यांची जागा होती. चहा मात्र घरी करता येत असल्याने तो गृहिणीच्या हाती गेला. तथापि जबर करामुळे तो दीर्घकाळ श्रीमंतांपुरताच राहिला असता. सामान्यांपर्यंत तो पोहोचला तो चोरट्या व्यापाराने. किनाऱ्यावरील खेडीच्या खेडी या धंद्यात गुंतलेली होती. अखेर १७८४ मध्ये धाकट्या पिटच्या मंत्रिमंडळाने चहावरील कर ११९ टक्क्यांवरून १२·५ टक्क्यांवर आणला व बुडालेले उत्पन्न घरांच्या खिडक्यांवरील कर वाढवून भरून काढले. चोरट्या व्यापाराचा त्यामुळे कणाच मोडला आणि चहा मजुराच्या झोपडीत उजळ माथ्याने शिरला.

या नव्या सवयीला विरोधही झाला. जोनस हॅनवे (१७१२–८६) या व्यापारी परोपकाऱ्याने १७५६ मध्ये चहामुळे राष्ट्र दुर्बल होत असल्याचा निबंध लिहिला, तर डॉ. सॅम्युएल जॉन्सन (१७०९–८४) याने स्वतःस अट्टल चहाबाज म्हणवून घेऊन त्याचा खरपूस समाचार घेतला. पुढे विल्यम कॉबेट (१७६३–१८३५) याने १८२२ मध्ये अधिक गंभीर आक्षेप मांडला. घरी गाळलेली बिअर हे मजुराचे खरे पेय. चहाने त्याचे पोट भरत नाही व बाहेर जाणारा पैसा मात्र वाढतो, असे त्याचे म्हणणे होते. कॉबेटच्या भाषेतील अतिशयोक्ती वगळली, तरी त्याचे निरीक्षण खोटे नव्हते. धान्य महागले, सामाईक जमिनी कुंपणाआड गेल्या, सरपण मिळेनासे झाले. अशा कुटुंबाला थंड पाव व त्याबरोबर गरम, गोड चहा हेच स्वस्तातले शिजवलेले अन्न उरले होते. उच्चभ्रूंच्या दिवाणखान्यात चहा हा विलास होता. गिरणीकामगाराच्या घरी तो जेवणाची जागा घेत होता. पाणी उकळून पिण्याची सवय लागल्याने आतड्यांचे रोग घटले, असेही काही इतिहासकार मानतात.

चहाबरोबर साखर आली. इंग्लंडमधील दरमाणशी वार्षिक साखरेचा खप १७०० च्या सुमारास सु. ४ पौंड होता. तो १८०० च्या सुमारास १८ पौंडांवर व विसाव्या शतकाच्या आरंभी ९० पौंडांवर गेला. अठराव्या शतकात ही साखर वेस्ट इंडीज बेटांवरील मळ्यांतून येई व ती पिकविणारे हात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे असत. संसदेने १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचे विधेयक फेटाळले, तेव्हा हजारो कुटुंबांनी साखर वर्ज्य केली. साखर सोडणाऱ्यांची संख्या सु. ३ लाख असल्याचा टॉमस क्लार्कसन (१७६०–१८४६) याचा अंदाज होता. या बहिष्कारात स्त्रियांचा पुढाकार होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यांना मताचा अधिकार नव्हता. चहाच्या मेजावर काय ठेवायचे, हे मात्र त्याच ठरवीत असत. गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद झाला व १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी नष्ट करण्यात आली. त्यासाठी दोन कोटी पौंडांची भरपाई देण्यात आली, ती गुलामांना नव्हे, तर त्यांच्या मालकांना. तीसाठी उभारलेल्या कर्जाची अखेरची फेड २०१५ मध्ये झाली.

चहाच्या किमतीचा प्रश्नही असाच सुटला. चीनला इंग्लंडचा माल नको होता व चांदी देणे कंपनीला परवडत नव्हते. ही तूट भारतातील अफूने भरून काढली. बंगालची अफू कंपनीच्या मक्तेदारीत कलकत्त्याहून जाई, तर माळव्याची मुख्यत्वे मुंबई बंदरातून. सर जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता आणि त्यांच्या नावाचे मुंबईतील रुग्णालय व कलाविद्यालय त्यांच्या दानशूरतेची साक्ष देतात. चीनने अफूला अटकाव केला, तेव्हा पहिले अफूयुद्ध (१८३९–४२) झाले. दरम्यान आसामात चहाची रोपे आढळून आली होती व १८३९ च्या जानेवारीत आसामी चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला. मळ्यांवर छोटा नागपूर व इतर भागांतून कराराने मजूर आणण्यात आले. १८६५ च्या कायद्याने तर पळून जाणाऱ्या मजुरास पकडण्याचा अधिकार खुद्द मळेवाल्यास दिला. १८८० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील भारतीय चहाची आयात चिनी चहाच्या पुढे गेली. फिकट चिनी चहाऐवजी काळा, कडक व दूध मागणारा चहा ही ब्रिटिशांची आवड त्यानंतर पक्की झाली. ब्रिटिश घरातील स्वस्त चहाची किंमत कोण भरीत होते, हे १९२१ मध्ये चारगोला खोऱ्यातील हजारो मजूर मळे सोडून पायी निघाले तेव्हा उघड दिसले.

महाराष्ट्रात चहाची सवय इंग्रजी अंमलाबरोबर आली, पण निर्वेधपणे आली नाही. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनऱ्यांच्या निमंत्रणावरून जमलेल्या मंडळींपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हेही होते. गोपाळ विनायक जोशी यांच्या खटपटीने उपस्थितांची नावे वृत्तपत्रात झळकली व त्यातून उद्‌भवलेले ग्रामण्य पुढे दोन वर्षे पुण्यात गाजत राहिले; अनेकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. लंडनमध्ये जे पेय मद्यपानबंदीच्या चळवळीने सात्त्विक ठरविले होते, तेच येथे ख्रिस्ती हातचे म्हणून निषिद्ध ठरले, हा विरोधाभास त्या काळच्या दोन्ही समाजांवर प्रकाश टाकणारा आहे.

दुपारच्या चहाची प्रथा बेडफर्डच्या सातव्या डचेसने १८४० च्या सुमारास पाडली, ही कथा प्रसिद्ध आहे. तिच्यात तथ्य एवढेच, की धनिकांचे रात्रीचे जेवण उत्तरोत्तर लांबत गेले आणि मधली पोकळी भरणे भाग पडले. कामगारांचे उलट होते. कारखान्यातून परतल्यावर चहा, पाव, थंड मांस वा मासळी असे भरपेट खाणे ते उंच मेजाभोवती बसून घेत व त्यास ‘हाय टी’ म्हणत. उत्तर इंग्लंडमध्ये आजही पुष्कळ घरांत संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’ व दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ म्हणतात. दक्षिणेकडील मध्यमवर्गीय यांपैकी दुसरा शब्द रात्रीसाठी राखून ठेवतात. भारतातील हॉटेले ‘हाय टी’ हे नाव उंची थाटाच्या उपाहारास देतात, ते अर्थातच मूळ अर्थाच्या विरुद्ध आहे. शहरांतील चहाच्या दुकानांनी (एरेटेड ब्रेड कंपनीचे पहिले १८६४, लायन्सचे १८९४) एकट्यादुकट्या स्त्रीला घराबाहेर बसण्यासाठी प्रथमच अब्रूदार जागा उपलब्ध करून दिली.

कपात दूध आधी की चहा आधी, हा ब्रिटिशांचा आवडता वाद आहे. हलक्या प्रतीचा पेला उकळत्या चहाने तडकू नये, म्हणून दूध आधी ओतीत, असे स्पष्टीकरण देण्यात येते. त्यामुळे दूध आधी ओतणे हे काही काळ खालच्या वर्गाचे लक्षण समजले जाई. जॉर्ज ऑर्वेल (१९०३–५०) याने जानेवारी १९४६ मध्ये उत्तम चहाचे अकरा नियम सांगताना चहा आधी असा निर्वाळा दिला. ब्रिटिश मानक संस्थेने १९८० मध्ये चवपरीक्षणासाठी चहा करण्याची पद्धत विहित करणारे मानकच प्रसृत केले. ऑर्वेलने हा लेख लिहिला तेव्हा चहा नियंत्रित होता, हे विसरता कामा नये. जुलै १९४० पासून ऑक्टोबर १९५२ पर्यंत चहाचे शिधावाटप होते व आरंभी माणशी आठवड्याला दोन औंस (सु. ५७ ग्रॅ.) चहा मिळे. त्याच्या अकरा नियमांमागे चिमूटभर पत्तीही वाया न घालविण्याची काळजी दिसते.

या सवयीची दखल वीजमंडळालाही घ्यावी लागली. लोकप्रिय दूरदर्शन कार्यक्रम संपताच लाखो घरांत एकाच वेळी विजेच्या किटल्या चालू होतात. ४ जुलै १९९० रोजी इंग्लंड व पश्चिम जर्मनी यांच्यातील विश्वचषक फुटबॉलचा उपान्त्य सामना संपल्यावर विजेची मागणी २,८०० मेगावॉटनी एकदम वाढली. अशा प्रसंगी काही सेकंदांत वीज पुरवू शकणारे डिनॉर्विग येथील जलविद्युत्‌केंद्र वेल्समध्ये १९८४ पासून कार्यरत आहे. अलीकडे मात्र कॉफीने चहाला मागे सारले आहे. घरगुती वापरासाठी घेतला जाणारा चहा १९७४ मध्ये दरमाणशी आठवड्याला ६८ ग्रॅ. होता, तो २०१४ मध्ये २५ ग्रॅमवर आला.

घड्याळ, सुटी व पब : आठवड्याची ब्रिटिश घडण कारखान्याने केली. जुने कारागीर सोमवारीही काम टाळीत व त्यास गमतीने ‘संत सोमवार’ म्हणत. १८५० च्या कारखाना अधिनियमाने कापडगिरण्यांतील स्त्रिया व तरुण कामगार यांना शनिवारी दुपारी दोन वाजता सुटी मिळाली आणि त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्याने पुरुषांनाही. फुटबॉलचे सामने शनिवारी तीन वाजता भरू लागले, त्यामागे हेच कारण आहे. रविवार मात्र धर्माचा होता. १७८० च्या कायद्याने पैसे घेऊन करमणूक करण्यास रविवारी बंदी होती. इंग्लंड व वेल्समधील मोठी दुकाने रविवारी उघडण्यास तर १९९४ मध्ये परवानगी मिळाली.

पबच्या वेळा हे पहिल्या महायुद्धाचे अपत्य होय. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील उत्पादन मद्यपानामुळे घटते, या समजुतीने शासनाने दुपारी पब बंद ठेवण्याची सक्ती केली. कार्लाइल परिसरातील पब व मद्यनिर्मितीगृहे १९१६ मध्ये शासनाने सरळ विकत घेतली. १९१५ मध्ये दुसऱ्यासाठी पेय विकत घेण्यावरच बंदी घालण्यात आली. मित्रमंडळातील प्रत्येकाने पाळीपाळीने सर्वांसाठी पेये मागवावीत, या आजही कसोशीने पाळल्या जाणाऱ्या रिवाजावर तो थेट घाला होता. युद्ध १९१८ मध्ये संपले. कार्लाइलमधील शासकीय पब १९७३ पर्यंत व इंग्लंड-वेल्समधील दुपारची बंदी १९८८ पर्यंत टिकली. तोवर अनेकांना ती सनातन परंपरा वाटू लागली होती.

हवामान व छत्री : अटलांटिकवरील दमट हवा व यूरोप खंडावरील कोरडी हवा यांच्या सीमेवर ही बेटे असल्याने तेथील हवा तासातासाला पालटते. दोन इंग्रज भेटले की आधी हवामानावर बोलतात, असे डॉ. जॉन्सनने १७५८ मध्येच नमूद केले होते. केट फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ लेखिकेच्या मते (२००४) हे संभाषण हवेविषयी नसतेच. खासगी गोष्टीत न शिरता बोलणे सुरू करण्याची ती रीत आहे आणि समोरच्याच्या विधानास रुकार देणे हा तिचा नियम आहे. मात्र कोळी व खलाशी यांच्या दृष्टीने हवामान हा शिष्टाचाराचा विषय नव्हता. ‘रॉयल चार्टर’ हे जहाज १८५९ च्या वादळात बुडून चारशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर शासकीय हवामानखात्याचा प्रमुख रॉबर्ट फिट्सरॉय (१८०५–६५) याने वादळाचे इशारे देण्यास व १८६१ पासून वृत्तपत्रांतून अंदाज प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. चुकलेल्या अंदाजांबद्दल त्याची बरीच टवाळी झाली. त्याने १८६५ मध्ये आत्महत्या केली. नभोवाणीवर ३१ सागरी विभागांसाठी दिल्या जाणाऱ्या अंदाजातील एका विभागास २००२ पासून त्याचे नाव आहे.

लंडनमध्ये छत्री वापरणारा पहिला पुरुष म्हणून चहाचा शत्रू जोनस हॅनवे याचेच नाव घेतले जाते. छत्री ही फ्रेंच व बायकी वस्तू समजली जाई आणि पावसात गिऱ्हाईक गमावण्याच्या धास्तीने भाड्याचे गाडीवान त्याची हुर्यो उडवीत. ज्या दोन वस्तूंनी आज इंग्रज माणसाचे व्यंगचित्र पुरे होते, त्यांपैकी एकीचा तो विरोधक व दुसरीचा प्रवर्तक होता.

रांग : टॉमस कार्लाइल (१७९५–१८८१) याने १८३७ मधील आपल्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासात पॅरिसमधील पाववाल्यांच्या दुकानांसमोरील रांगांचे वर्णन करून, आपोआप रांग लावण्याचे कौशल्य हे फ्रेंच लोकांचे वैशिष्ट्य ठरविले आहे. त्याच्या काळच्या लंडनमध्ये नाट्यगृहाच्या दारात रेटारेटी होई. सॅव्हॉय नाट्यगृहाने १८८२ मध्ये प्रेक्षकांना रांग लावावयास शिकविले, तेव्हा ते नवलच वाटले. १९१७ मधील अन्नटंचाई व १९३० च्या सुमाराची बेकारी यांनी रांग घरोघरी पोहोचविली. दुसऱ्या महायुद्धात ती स्त्रियांच्या दिनक्रमाचा भाग झाली. शिधापत्रिकेवरील वस्तू निश्चित मिळत. नियंत्रणाबाहेरील मासळी, फळे, काळीज-मूत्रपिंडे यांसाठी मात्र तासन्‌तास ताटकळावे लागे. रांग दिसली की पुढे काय विकत आहेत, हे न विचारताच अनेक जणी तीत उभ्या राहत. कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रीला रांग परवडत नसे, त्यामुळे ‘प्रत्येकाला आपापली पाळी’ हे न्यायाचे तत्त्व शासन कितीही घोषवीत असले, तरी तिच्यापर्यंत ते पोहोचत नव्हते.

युद्ध संपूनही रांगा संपल्या नाहीत. उलट युद्धकाळात मुक्त असलेला पाव १९४६ ते १९४८ या काळात नियंत्रित झाला. या रांगांच्या संतापातून १९४५ मध्ये ब्रिटिश गृहिणी संघ निघाला. विन्स्टन चर्चिल यांनी १९५० मध्ये समाजवादी राज्यास ‘क्यूटोपिया’ (रांगांचे नंदनवन) म्हणून हिणवले. इंग्रज माणूस एकटा असला तरी एकाची शिस्तशीर रांग लावतो, ही जॉर्ज मिकेश या हंगेरियन वंशाच्या विनोदकाराची प्रसिद्ध थट्टा १९४६ ची, म्हणजे नेमक्या याच वर्षांतली आहे. लोक ज्या गोष्टीला सर्वाधिक विटले होते, तीच त्यांचा स्वभावधर्म म्हणून जगासमोर आली. शिधावाटप ४ जुलै १९५४ रोजी पूर्णपणे संपले, पण ख्याती उरली व पुढच्या पिढ्यांनी ती अभिमानाने जोपासली. बसथांब्यावर रांग मोडणाऱ्याला उघडपणे कोणी हटकत नाही. घसा खाकरणे, एकमेकांकडे पाहणे व पुटपुटणे एवढ्यावरच बहुधा निषेध थांबतो.

राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या अंत्यदर्शनासाठी सप्टेंबर २०२२ मध्ये लंडनमध्ये लागलेली रांग टेम्स नदीच्या काठाने अनेक किलोमीटर पसरली होती. काही वेळा प्रतीक्षेचा काळ चोवीस तासांपर्यंत गेला. सु. अडीच लाख लोकांनी दर्शन घेतले. रांगेचे शेवटचे टोक कोठे आहे, हे शासन दर थोड्या वेळाने जाहीर करीत असे. रांगेतील प्रत्येकाच्या मनगटावर क्रमांक असलेली रंगीत पट्टी बांधण्यात येई. ती दाखवून पाणी वा चहा घेण्यासाठी थोडा वेळ बाहेर पडता येई व परतल्यावर आपली जागा पुन्हा मिळे.